वहीचा उपाय बाद, अर्धा गुण जमा

मागच्या अपडेटमध्ये बुद्धिबळातल्या 'आधी लिहा, मग बघा, मग खेळा' या पद्धतीचे मी भरपूर गोडवे गायले होते. ती पद्धत कणकवलीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाली. चाल स्कोअरशीटवर लिहिली, पेन खाली ठेवलं, पटाकडे बघतोय तोच पंच शेजारी येऊन उभे. "काका, आधी चाल, मग लिहिणं." फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, नियमच तसा आहे. बरोबरीचा दावा करायचा असेल तर गोष्ट वेगळी, एरवी चाल आधी लिहून ठेवायची नाही. पूर्वी ही सवय मुद्दाम शिकवायचे. आता ते टिपणं काढून खेळण्यात मोडतं. पंचांचं काही चुकलं नाही, पण पावसाळाभर घासून अंगात भिनवलेली गोष्ट एका वाक्यात गेली.

ही पद्धत का लागली होती ते जुन्या मंडळींना माहीत आहे. माझं ऑनलाइन रेटिंगचं गाडं ८०० च्या पायरीवर अडकलंय. ८५० दिसलं की पुन्हा ७८०. देवगडात वीज गेली की वायफाय जातं, त्यात वेळेवर हरलेले डाव सोडून दिले तरी घसरण उरतेच. "ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चाली) पाठ कर" हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की आता कुणी लंडन सिस्टिमचं नाव काढलं की मी चहा ठेवायला उठतो. माझे हरलेले डाव मी एकेक करून पटावर मांडून बघितले. ओपनिंगमध्ये हरलेला डाव शोधावा लागतो. बाकी सगळीकडे दहाव्या ते पंचविसाव्या चालीदरम्यान एक मोहरं फुकट गेलेलं.

फुकट जाण्याचेही प्रकार आहेत. घोड्याचा फोर्क, म्हणजे एकाच उडीत दोघांवर मारा, आपल्याला सगळ्यांना खातो, त्यात नवल नाही. लांबचा उंट तिरका मागे येऊन मारतो, तेही होतं. पण माझं खरं दुखणं तिसरंच निघालं. मी राखणदार उचलतो. सी६ वरचा घोडा ई५ च्या प्याद्याला राखत बसलेला असतो. मला डी४ चं घर दिसतं, घोडा तिथे टाकतो, खूश होतो, आणि ई५ जातं. समोरच्याने काही चमत्कार केलेला नसतो. त्याने फक्त उचललेलं असतं.

शेजारचे अण्णा आमच्या देशी पद्धतीचे. प्यादं एकच घर चालणार, राजाला एकदा घोड्याची उडी. माझ्याशी खेळताना कुरकुरत नवे नियम पाळतात आणि मला मारतात. त्यांचं निदान एका ओळीचं: "तू आपलोच बघतंस. तेचो काय चाललो तां बघ आधी." हे वाक्य ऐकायला सोपं. घड्याळ चालू असताना ते आठवत नाही, म्हणून तर वही आणली होती. हात पेनात अडकला की मोहऱ्याकडे जात नाही, एवढाच तिचा उपयोग. तेवढ्यावरसुद्धा वहीच्या मागच्या पानावरच्या फुकटच्या रेघा (मोहरं फुकट गेलं की एक रेघ) डावाला तीन-चारवरून एखाद्यावर आल्या होत्या.

रेघांबद्दल थोडं, कारण नव्याने आलेल्या दोघा-तिघांनी विचारलंय की एवढ्या रेटिंगला हुरूप कसा टिकवता. मी रेटिंग बघणं बंद केलं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटच्या सेटिंगमध्ये रेटिंग लपवायची सोय आहे, ती चालू करा. बरोबरीच्या माणसाशी एक डाव हरला की सहा-आठ गुण जातात. सलग पाच हरलात की तीस-चाळीस गेले, आणि आपण ढ आहोत असं वाटायला तेवढं पुरतं. पण नाणं शंभर वेळा उडवलं तर कुठेतरी सलग पाच छापे पडण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे तुमचा खेळ तिळभरही बिघडलेला नसताना हा प्रकार होणारच. रेघांचं तसं नाही. हरलेल्या डावातही फुकटची रेघ नसेल तर त्या रात्री मी समाधानाने जेवतो.

तर वही बाद झाल्यावर उरलेल्या फेऱ्यांत काय करायचं? पहिले दोन डाव हात मांडीखाली दाबून खेळलो. चालतं, पण मुंग्या येतात, आणि समोरचा मुलगा हसला. मग मधल्या सुट्टीत वडापाव खाताना डोक्यात आलं की आपली चाल आधी लिहायला बंदी आहे, समोरच्याची चाल तर तो खेळल्यावरच लिहायची असते! मी आजवर ती घाईघाईत, माझ्या चालीबरोबर जोडीने खरडत होतो. आता त्याने घड्याळ दाबलं की आधी पेन घ्यायचं, त्याची चाल नीट अक्षरात लिहायची, आणि लिहिता लिहिता स्वतःला विचारायचं: हे मोहरं आता काय मारतंय, आणि आधी काय राखत होतं जे आता मोकळं झालं? नियमात बसतं, हात अडकतो, आणि अण्णांचं वाक्यही आपोआप पाळलं जातं. माझी मूळ पद्धत उलटीच होती म्हणायची. ज्याची चाल बघायची त्याची सोडून मी स्वतःचीच लिहीत होतो.

शेवटच्या फेरीत समोर सहावीतली मुलगी, फिडे रेटिंगवाली. आता २०२४ च्या १ मार्चपासून फिडेचा तळच १४०० आहे, त्यामुळे रेटिंग आहे म्हणजे लेचंपेचं काम नाही. (दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून आमच्याकडच्या स्पर्धांत मुली जास्त दिसायला लागल्या आहेत. आणि त्या काकांना दयामाया दाखवत नाहीत.) एलो या रेटिंग मोजायच्या गणिताने ४०० गुणांचा फरक असला तर खालच्याने शंभर डावांत आठ-नऊ गुणांचीच आशा धरावी.

मोहरी फुकट गेली नाहीत. एक प्यादं मात्र गेलं, सरळ कचाट्यात पकडून घेतलं तिने. मग मोहरी कटत गेली आणि शेवटी उरलं ते असं: तिचा राजा डी५, प्यादं ई५, माझा एकटा राजा ई७. चाल तिची. तिने प्यादं ई६ केलं.

इथे माझी छाती धडधडत होती, कारण लिचेसच्या सरावात हाच प्रकार घोटलेला. राजाला मागे तीन घरं: डी८, ई८, एफ८. दिसायला तिन्ही सारखी. डी८ ला गेलो तर ती राजा डी६ ला आणते, मला ई८ ला यावं लागतं, मग प्यादं ई७, मी एफ७, तिचा राजा डी७, आणि वजीर झालाच. एफ८ चंही तेच, ती राजा डी६ ला आणते आणि पुढे तीच वाट. वाचवतं फक्त ई८, प्याद्याच्या समोर सरळ मागे. ती डी६ ला आली, मी डी८, राजासमोर राजा, मध्ये एक घर. तिने ई७ करून शह दिला, मी ई८. आता तिने प्यादं राखायला राजा ई६ ला आणला की मला चालच उरत नाही आणि शह नाही, डाव बरोबरीत. राजा दुसरीकडे नेला तर प्यादं मी खातो. तिने पटाकडे बराच वेळ बघितलं, राजा ई६ ला नेला आणि हात पुढे केला. "काका, तुम्हाला येत होतं?" एवढंच म्हणाली. अर्धा गुण! घरी येताना एसटीत मी हा शेवट मोबाईलवर पुन्हा पुन्हा मांडत होतो.

उपकरणांचं थोडक्यात. लाकडी संच समुद्राकाठी घेऊ नका. माझ्या संचाच्या बुडाच्या मखमलीला पावसाळ्यात बुरशी येते आणि घडीचा पट मधोमध उचलला जातो. ऑनलाइन मागवला त्या दुकानदाराला फोटो पाठवले, त्याने "उन्हात ठेवा" असं कळवलं. जुलैत! वजनदार प्लास्टिकची मोहरी आणि गुंडाळायचा विनाइलचा पट, हेच खरं. राजा साडेनऊ सेंटिमीटरचा आणि घर साडेपाचच्या आसपास बघून घ्या, म्हणजे स्पर्धेत डोळ्याला वेगळं वाटत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाखकामाची लाकडी वस्तू शोकेसमध्ये ठेवावी, रोज आपटायला नाही. घड्याळ सध्या मोबाईलवरचंच. डिजिटल घड्याळाचे पैसे जमवतोय, पण खारी हवा सेलची टोकं खाते, म्हणून कुणी किनाऱ्यावर वर्षभर वापरलं असेल तर सांगा.

पुढचा बेत फोर्कची कोडी रोज सोडवायचा होता. तो बदलला. आता महिनाभर फक्त प्याद्यांचे शेवट, त्यातही कडेचं प्यादं, कारण ए आणि एच पट्टीवर वेगळाच कायदा आहे. एकटा राजा प्याद्यापुढच्या कोपऱ्यात पोचला की त्याला तिथून हुसकावता येत नाही. त्यानंतर हत्तीचे शेवट घ्यावेत असं वाटतंय, पण माझे डाव तिथवर पोचतात कुठे, म्हणून थोडा घुटमळतोय. आणि समोरच्याची चाल आधी लिहायची पद्धत ऑनलाइन दहा मिनिटांच्या डावात बसत नाही, वेळ पुरत नाही. १५ अधिक १० वर (पंधरा मिनिटं, शिवाय दर चालीला दहा सेकंद) सरकलोय. त्या वेळेला रात्री दहानंतर जोडीदार लवकर मिळत नाहीत. तुमच्यापैकी कुणी असेल तर निरोप टाका, वीज असेल तर मी असतो.