लाल पिशवीतला हातमोजा

मंगळवार, रात्र

सिव्हिल हॉस्पिटलमधून घरी यायला साडेदहा वाजले. ताट झाकून ठेवलेलं आहे, पण आधी हे लिहून काढते. सकाळपर्यंत थांबले तर माझ्याच सोयीचं तेवढं आठवेल.

सकाळी सव्वाअकराला खालची दाढ काढायची केस होती. काका कोरेगावहून आलेले, त्यांना एकची एसटी गाठायची होती. बाहेर बाकावर सहा जण बसलेले, त्यात एक रडणारं लहान मूल. भूल दिली, ओठ जड झाला का विचारलं, दाढ निघाली. गॉज दाबून धरायला सांगितला आणि मी हातमोजे काढून लगेच दुसऱ्या खुर्चीकडे वळले. भुलीची सिरिंज ट्रेमध्येच राहिली. टोपण न लावलेली, रक्ताच्या गॉजखाली झाकली गेलेली. ती तिथे मी ठेवली होती. हे आधी लिहिते, कारण संध्याकाळपासून जो तो ‘पोरीचं लक्ष नव्हतं’ असंच म्हणतोय.

ट्रे आवरायला आमची नवी असिस्टंट गेली. नवी म्हणजे लागून चार महिने झाले. तिने गॉज उचलला आणि सुई तर्जनीत गेली.

ती कुणालाच काही बोलली नाही. नळाखाली बोट दाबून दाबून रक्त काढलं, वर स्पिरिट चोळलं, दुसरा हातमोजा घातला आणि पुढच्या पेशंटला सक्शन, म्हणजे तोंडातली लाळ ओढून घेणारी नळी, धरायला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्यानंतर दिवसभरात मी नऊ पेशंट पाहिले. त्यातल्या पाच जणांच्या वेळी ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

कळलं ते मावशींमुळे. संध्याकाळी कचरा वेगळा करताना लाल पिशवीत टाकायच्या हातमोज्यांतला एक त्यांनी उजेडात धरला. हातमोज्याला बाहेरून रक्त असणं रोजचंच. हे आतून होतं, बोटाच्या टोकाशी. मावशी लगेच बोलल्या नाहीत. रिसेप्शनवरच्या ताईंचा हिशेब होऊ दिला, शेवटचा पेशंट जाऊ दिला, मग केबिनचं दार लोटून म्हणाल्या, “मॅडम, पोरीला कायतरी टोचलंय. सकाळधरनं बोट लपवतीया.”

तेव्हा सात वाजायला आले होते.

रागावायचं नाही, एवढं एक त्या क्षणी सुचलं. तिला समोर बसवलं, बोट पाहिलं. बारीक ठिपका, बाजूला स्पिरिटने पांढरी पडलेली कातडी. मी विचारलं, “लगेच का नाही सांगितलंस?” ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, परवा दाताच्या मापाचं मटेरियल पातळ झालं तेव्हा तुम्ही त्या काकूंसमोर म्हणालात, अक्कल घरी ठेवून येतेस का. मला वाटलं, आता हे सांगितलं तर काढूनच टाकाल.”

मी तसं बोलले होते हे मला आठवतही नव्हतं.

पुढची धावपळ झरझर झाली. ताईंनी काकांना फोन लावला. कसं विचारायचं ते मी सांगायच्या आत त्या बोलायला लागल्यासुद्धा. “काका, तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्हाला वापरलेली सुई आमच्या मुलीला टोचली आहे. तिच्यासाठी तुमचं रक्त तपासायला द्याल का? तुमची इच्छा नसेल तर तसं सांगा, जबरदस्ती नाही.” काका म्हणाले, पहिल्या गाडीने येतो. मी तिला स्कूटरवर घेऊन सिव्हिलला गेले. तिचं रक्त घेतलं, एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांचा पहिला डोस दिला. या गोळ्या टोचल्यापासून दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. आमचे आठ तास गेले होते. ते आठ तास तिच्या भीतीत गेले, आणि ती भीती माझ्याकडून तिला मिळाली होती.

मग तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “हिपॅटायटिस बी-ची लस पूर्ण झाली आहे ना?”

पहिला डोस ती लागली त्याच आठवड्यात मी स्वतः दिला होता. दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. दुसऱ्याची तारीख उलटून तीन महिने झाले. माझ्या डायरीत काँप्रेसरच्या सर्व्हिसिंगची तारीख आहे, दात कोरायच्या एअरोटरच्या दुरुस्तीची आहे, खुर्चीच्या वार्षिक देखभाल कराराची आहे. तिच्या डोसची नाही.

लस न घेतलेल्या माणसाला बाधित पेशंटची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता १०० मध्ये ६ ते ३०. एचआयव्हीची हजारात सुमारे ३. हे आकडे मला परीक्षेपासून पाठ आहेत. आज येताना स्कूटरवर ती मागे बसली होती, तिने माझी ओढणी चाकात जाऊ नये म्हणून हातात धरून ठेवली होती, आणि मला सारखे तेच आकडे आठवत होते.

बुधवार

काका सकाळी साडेआठलाच हजर. तोंडात अजून सूज, तरी आले. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, तिन्ही निगेटिव्ह. सिव्हिलच्या डॉक्टरांनी तिच्या गोळ्या बंद केल्या, लसीचा राहिलेला डोस दिला आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. ती तारीख मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली. तिचा तिसरा डोस, दुसऱ्या असिस्टंटचा राहिलेला टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते पाहायची रक्ततपासणी, मावशींचा सगळा कोर्स पहिल्यापासून. हो, मावशींचा. कचऱ्याच्या पिशव्या रोज त्या बांधतात आणि त्यांना लस द्यायची असते हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाही.

काकांना दाढेचे पैसे परत द्यायला गेले तर त्यांनी हात जोडले. “पोरगी बरी आहे ना, झालं तर मग.”

गुरुवार

आज केस कमी होत्या. पाऊस दिवसभर थांबला नाही, राजवाड्याकडून येणारा रस्ता रिकामा. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक करायचं यंत्र, चालू असताना त्याच्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसले. इतक्या निवांत तिथे मी किती वर्षांत बसले नव्हते.

बीडीएसच्या पाच वर्षांत दाताची नस कुठे वळते ते मला शिकवलं, ब्रिज बसवायला दात किती घासायचा ते शिकवलं. चार माणसं सांभाळायची कशी याचं शिक्षण माझ्या सरांकडे पाहून झालं. सर हुशार होते, हात अतिशय हलका. आणि ओरडायचे. इन्स्ट्रुमेंट चुकीचं हातात आलं की ट्रेमध्ये आपटायचे. मी तेव्हा असिस्टंटसारखीच थरथरत उभी असायचे आणि तरीही मनात धरलं की चांगला डॉक्टर असाच असतो. मी आपटत नाही. बोलते फक्त. पण ज्याला बोललं जातं त्याला त्यातला फरक काय कळणार?

ऑटोक्लेव्हच्या पाउचवर आम्ही टेप लावतो. १२१ अंशांना पंधरा मिनिटं झाली की तिच्यावरचे पट्टे काळे पडतात. नव्या मुलींना वाटतं, पट्टे काळे म्हणजे जंतू मेले. तसं नसतं. टेपला उष्णता लागली एवढंच त्यातून कळतं. आत खरंच निर्जंतुक झालं की नाही हे स्पोअर टेस्टवरून, म्हणजे चिवट जंतूंची पट्टी आत ठेवून ते मेले का हे पाहून कळतं, म्हणून ती वेगळी करावी लागते. रोज रात्री निघताना मी विचारते, “सगळं ठीक?” आणि चौघीही म्हणतात, “हो मॅडम.” ते ‘हो मॅडम’ मी काळ्या पट्ट्यांसारखं वाचत आले. त्यातून एवढंच कळत होतं की माझ्यापुढे कसं बोलायचं हे त्यांना उमगलं आहे.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. या मुलीला मी फारसं शिकवलंच नाही. तिच्या आधीच्या दोघींना सहा-सहा महिने खपून तयार केलं, चार हातांनी काम कसं करायचं, कोणतं इन्स्ट्रुमेंट न मागता पुढे करायचं, सगळं. त्यातली एक, दीड हजार जास्त मिळतात म्हणून, पलीकडच्या दवाखान्यात गेली, दुसरीचं लग्न झालं. तेव्हापासून मनात बसलं होतं, शिकवून काय, जाणारच आहे. सुई टोचल्यावर बोट दाबायचं नाही, स्पिरिट चोळायचं नाही, साबण आणि वाहतं पाणी एवढंच, आणि तडक सांगायचं, हे पहिल्या दिवशी सांगायला पाच मिनिटं लागली असती. जाणार असेल तरी ती इथे आहे तोवर तिचं बोट माझ्या जबाबदारीवर आहे. आणि एका मुलीला दीड हजारांसाठी जावंसं वाटलं, यात माझ्या पगाराच्या आकड्याचाही भाग आहेच. दिवाळीत बोनस देते म्हणून वर्षभर पगार तोच ठेवायचा, हे मी बरेच दिवस बरोबर मानत होते. आता तसं वाटत नाही.

एक नियम आजपासून सुरू केला. ज्याच्या हाताने पेशंटला सुई टोचली त्यानेच ती जाळायची. नीडल बर्नर मी माझ्या उजव्या हाताशी आणून ठेवला आणि उरलेल्या सुईसाठी पांढरा डबा त्याच्या खाली. ट्रेमध्ये सुई ठेवायची नाही, असिस्टंटने ट्रे उचलण्याआधी मोठ्याने म्हणायचं, “सुई?” आणि मी “जाळली” म्हटल्याशिवाय ट्रेला हात लावायचा नाही. दर बुधवारी अक्कलदाढेसाठी येणाऱ्या सर्जनसरांनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, चांगलं केलंत.

पहिल्यांदा “सुई?” म्हणताना तिचा आवाज फुटला नाही. दुपारनंतर जरा फुटला.

शनिवार

ज्या काकूंसमोर मी तिला बोलले होते त्यांची आज कॅप बसवायची होती. मुद्दाम ठरवून गेले. काकू खुर्चीत, ती सक्शन घेऊन उभी, दाराशी मावशी आणि ताई. मी म्हटलं, “काकू, मागच्या वेळी माप बिघडलं तेव्हा मी हिला तुमच्यासमोर लागेल असं बोलले. पावडर आणि पाण्याचं प्रमाण मी तिला नीट दाखवलंच नव्हतं. चूक माझी होती.” मग तिच्याकडे वळून, “बाळा, माफ कर.”

ती काहीच बोलली नाही, सक्शनची नळी नुसती घट्ट धरून राहिली. काकू म्हणाल्या, “अगं बाई, डॉक्टर!” आणि त्यांनी तिचा हात थोपटला.

मला वाटलं, झालं. बरं झालं.

दुपारी दवाखाना बंद करताना ताई केबिनमध्ये आल्या. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्या कधी बसत नाहीत, आज बसल्या. म्हणाल्या, “मॅडम, एक बोलू? तुम्ही तिची माफी मागितली ते चांगलंच केलंत. पण मी अकरा वर्षं तुमचं ऐकून घेते आहे. लॅबवाल्याचे दात उशिरा आले, मला बोललात. लाइट गेली, मला बोललात. घरी काही झालं असलं तरी सकाळी आल्या आल्या मलाच. मला कधी नाही म्हणालात असं.”

आवाज चढलेला नव्हता. तोच आवाज, ज्याने त्या पेशंटना म्हणतात, पाच मिनिटं बसा हं.

मी म्हटलं, “ताई, खरं आहे.” पुढे काय बोलावं ते सुचेना. त्याही थोडा वेळ बसून राहिल्या. मग, “चावी सोमवारी मीच आणते,” म्हणून किल्ल्या परत उचलल्या आणि छत्री उघडत जिना उतरल्या.

रविवार

सकाळी घरातलं आवरून दवाखान्यात एकटीच आले. गौरी पुढच्या आठवड्यात आहेत, रजा वाटायच्या आहेत. दरवर्षी यावरून ओढाताण होते, चौघींनाही तेच तीन दिवस हवे असतात आणि दवाखाना तर पूर्ण बंद ठेवता येत नाही. दोन्ही असिस्टंट सासर-माहेर सांगतात, मावशींच्या घरी उभ्याच्या गौरी. मी दरवर्षी कसं भागवते ते पाहावं म्हणून जुन्या हजेरीवह्या कपाटातून काढल्या. वरच्या दोन वाळवीने खाल्ल्या आहेत, बाकी नऊ शाबूत.

नऊ वर्षांत गौरीपूजनाच्या दिवशी ताईंच्या रकान्यात एकदाही रजा नाही. सही आहे, वेळ आहे, दहा वाजून पाच, नऊ पन्नास, दहा. एका वर्षी सहीशेजारी हळदीच्या बोटाचा डाग आहे.

यंदाच्या वहीचं पान उघडून त्यांच्या नावापुढे तीन दिवस रजा लिहिली. मग ती ओळ पेन्सिलने हलकेच खोडली. आधी त्यांना विचारायचं आहे. सोमवारी पावणेदहाला त्या चावी घेऊन येतील, बाकीच्या यायच्या आधी.