मोसंबीने काळे पडलेले पाते

अंबड तालुक्यातल्या आमच्या शेतात मोसंबी उतरवण्याच्या दिवसांत माझ्या खिशात एक घडीचा चाकू असतो, आणि तो बाहेर काढला की आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी रामपुरीची आठवण काढून हसतोच. हिंदी चित्रपटांनी या वस्तूच्या नावाला जो डाग लावला, तो आपल्याकडे अजून निघालेला नाही. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत मात्र असा चाकू गुराख्याच्या आणि शेतकऱ्याच्या खिशातला. जेवायला बसल्यावर पाव-चीज कापण्यासाठी ज्याने त्याने आपापला चाकू काढावा, अशी तिथली जुनी रीत.

माझा पहिला चाकू ओपिनेल, आठ नंबरचा. शिकायला तिकडे गेलेल्या भाच्याने तो आणला आणि हातात देताना म्हणाला, ‘मामा, आधी एक नाणे द्या; फुकट दिलेला चाकू नाते कापतो, असे तिथले लोक मानतात.’ मी रुपया दिला. जोसेफ ओपिनेल यांनी आल्प्सच्या डोंगरातल्या सव्हॉय भागात १८९० मध्ये हा चाकू घडवला. बीच लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचे पाते आणि ते उघडे राहावे म्हणून १९५५ मध्ये जोडलेले फिरते कडे, एवढाच त्याचा पसारा. खरे तर हा कारखान्यात बनणारा चाकू आहे, त्याला हस्तकलेचा नमुना म्हणणे बरोबर होणार नाही. पण चाकूकडे कसे पाहावे, हे मला त्यानेच शिकवले. त्याचे पाते कार्बन पोलादाचे असल्यामुळे पहिल्याच मोसंबीने त्यावर निळसर-करडे डाग उमटले. मी घाबरून ते राखेने घासले, पण दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. फळातल्या आम्लाने चढणारा तो थर पात्याला तांबड्या गंजापासून थोडेफार वाचवतो, हे कळल्यावर घासणे सोडून दिले, आणि आता ते पाते पावसाळी आभाळाच्या रंगाचे झाले आहे. पावसाळ्यात मूठ फुगून पाते आत अडकते, तेव्हा मुठीचे बूड उंबऱ्यावर हलकेच आपटावे लागते; सव्हॉयची माणसेही अगदी हेच करतात. तेलाच्या बाबतीत मात्र मी चुकलो. घरचे करडईचे तेल सांध्यात सोडले आणि महिनाभरात ते चिकट होऊन बसले. आता खोबरेल तेलाचा एकच थेंब लावतो.

माझे मन खऱ्या अर्थाने जडले ते लाग्योल या दुसऱ्या फ्रेंच चाकूवर. तो ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, त्या गावचे लोक त्याचा उच्चार ‘लायोल’ असा करतात. हे गाव ओब्राकच्या पठारावर वसले आहे. ते पठार ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे आणि गुराढोरांचे, त्यामुळे आपल्यासारख्या दख्खनच्या काळ्या दगडावर वाढलेल्या माणसाला त्याची ओळख वेगळी सांगावी लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चाकूला आकार आला. पुढे त्यात एक टोकदार आरी आली. चामड्याला भोके पाडण्यापासून पोट फुगलेल्या जनावराला टोचून वायू मोकळा करण्यापर्यंत तिचे उपयोग सांगतात, आणि पावसाळ्यात कोवळा चारा खाऊन फुगलेली गाय ज्याने पाहिली आहे, त्याला ती आरी शोभेची वाटणार नाही. या पठारावरची माणसे पॅरिसला जाऊन कॅफे चालवू लागली, तेव्हा १८८० च्या सुमारास चाकूला बाटलीचे बूच काढायचा मळसूत्री स्क्रूही जोडला गेला. मुठीवर बारीक खिळ्यांचा क्रूस असतो; रानात देऊळ नसलेला गुराखी चाकू जमिनीत किंवा पावात उभा खोवून त्याच्यापुढे प्रार्थना करी, असे म्हणतात.

मुठीच्या पाठीवर पाते ताणून धरणारी पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग असते; तिच्या टोकाला मधमाशी कोरलेली असते, आणि तिच्याच भरवशावर मी एकदा फसलो. ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून एक लाग्योल मागवला. माशी होती, नावही होते, पण पाते खुळखुळत होते आणि मूठ प्लास्टिकची निघाली. नंतर समजले, की हे नाव कोणा एका कारखान्याचे नाही, ते चाकूच्या एका घडणीचे आहे, आणि ते नाव कोरलेला स्वस्त माल आशियातूनही येतो. उत्तम लाग्योलसुद्धा बरेचसे त्या गावात न होता थिएर या गावी होतात. तिथे द्युरोल नदीच्या पाण्यावर सहाणेची चाके फिरत, आणि धार लावणारे कारागीर फळीवर पालथे पडून काम करीत. थंडीत ऊब मिळावी म्हणून त्यांच्या पायांवर कुत्री बसत. हे वाचल्यापासून चाकूची किंमत जास्त आहे अशी कुरकूर मी केलेली नाही.

त्यामुळे दुसरा लाग्योल मी चांगला निरखून घेतला. त्याची मूठ शिंगाची आहे. पट्टीवरची वेलबुट्टी कानशीने हाताने कोरलेली असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या रेघा तंतोतंत सारख्या नाहीत. बंद चाकू उजेडासमोर धरला तर पट्टी आणि मूठ यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसत नाही. पाते मिटवताना मात्र बोटाने सावरत न्यावे लागते, कारण सोडून दिले तर धार पट्टीवर आपटून बोथट होऊ शकते.

जालन्यात लोखंडाच्या सळया टनांनी निघतात, पण अशी नाजूक पट्टी आपल्याकडे कुणी घडवेल का, हे विचारायला मी तो चाकू आठवडी बाजारात नेला. तिथे भाता-ऐरण मांडून बसणारे एक वयस्क घिसाडी बाबा आमची खुरपी आणि विळे शेवटून देतात. त्यांनी धारेला हातही लावला नाही. अंगठ्याचे नख शिंगावरून पोलादावर आणि पोलादावरून पुन्हा शिंगावर असे दोन-तीनदा फिरवले. जोड कुठेच लागला नाही. मग कानाजवळ धरून चाकू उघडला, मिटला आणि म्हणाले, ‘भाऊ, पट्टीला पानी झ्याक दिलंय. जरा जास्त झालं असतं तर तुटली असती, कमी झालं असतं तर वाकली असती. कुनी दिलं?’

लांबच्या एका गावातल्या कारागिराने, एवढेच मी सांगितले. किंमत त्यांनी विचारली नाही, आणि समोर नुकतीच शेवटलेली खुरपी पडलेली असताना ती सांगायला माझीही जीभ रेटली नाही.