आमची वाटचाल : एकशेवीसचा आकडा

डेटाबेससाठी सर्व्हर लावून देणं हा आमचा धंदा. सॉफ्टवेअर आम्ही लिहीत नाही, मशीन विकत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यातही डिस्कची सेटिंग्ज, एवढंच आमचं काम. सुरुवातीला दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. त्याची एक जाड वही होती. प्रत्येक सर्व्हरला एक पान: शेड्युलर (डिस्कच्या कामांचा क्रम लावणारा) कोणता, रीड-अहेड (पुढचं आधीच वाचून ठेवणं) किती, पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) कितव्या सेक्टरपासून, म्हणजे डिस्कच्या कितव्या छोट्या तुकड्यापासून, माउंट करताना (डिस्क सिस्टिमला जोडताना) काय दिलं. डावीकडे आधीचं, उजवीकडे नंतरचं, आणि खाली आयोस्टॅट या मोजणीच्या प्रोग्रामातला अवेट, म्हणजे डिस्कच्या एका कामाला सरासरी लागलेला वेळ. एका वेळी एकच बदल, हा त्याचा नियम. मी घाईत दोन बदल केले की तो दोन्ही मागे घ्यायला लावायचा.

त्या वहीच्या पहिल्या पानांवर ६३ हा आकडा सारखा दिसतो. पार्टिशन पाडणारा जुना एफडिस्क प्रोग्राम पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करायचा आणि ते रेडच्या (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीच्या) स्ट्राइपशी, म्हणजे एकेका डिस्कवर पडणाऱ्या तुकड्याशी, जुळायचं नाही. एका स्ट्राइपमध्ये मावणारं डेटाबेसचं पान दोन स्ट्राइपांवर सांडायचं. पार्टिशन २०४८व्या सेक्टरवर, म्हणजे बरोबर एक एमबीवर नेणं, सीएफक्यू शेड्युलरच्या जागी डेडलाइन, नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न लिहिणं), स्वॅपीनेस (मेमरीतलं डिस्कवर ढकलण्याची ओढ) ६० वरून खाली, या कामांवर आम्हाला पहिली पाच गिऱ्हाइकं मिळाली.

मग ती चाचणी झाली. एका मोठ्या गिऱ्हाइकाने दोन सारखी मशीनं दिली, एक आम्हाला, एक दुसऱ्या फर्मला. साध्या ७२०० आरपीएमच्या डिस्क, बॅटरीवालं रेड कार्ड (वीज गेली तरी आपल्या कॅशमधलं, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतलं, जपणारं) नाही. मी कार्ड मागितलं होतं. दुसऱ्या फर्मचे लोक म्हणाले, गरजच नाही, खर्च वाचवा. एकाच सेशनमधून (जोडणीतून) छोटे छोटे कमिट करायचे, म्हणजे डेटाबेसमध्ये एकेक नोंद पक्की करायची, अशी चाचणी ठरली. आमचा आकडा सेकंदाला ११४. त्यांचा साडेतीन हजारांच्या वर.

मी उभा राहून हिशेब सांगितला. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे. कमिटची नोंद तबकडीवर खरोखर उतरल्याशिवाय पुढचं कमिट घ्यायचं नसेल, तर एक सेशन एकशेवीसच्या पुढे जाऊ शकत नाही. साडेतीन हजार येतात याचा अर्थ डिस्क आपल्या कॅशमध्ये घेऊनच ‘लिहिलं’ म्हणतेय आणि बॅरिअर, म्हणजे ‘आधी तबकडीवर उतरव’ हा हुकूम, बंद आहे. वीज गेली की ते सगळं जाईल. कोणी ऐकलं नाही. ‘तुमचं ट्यूनिंग कमी पडतं’ एवढंच उत्तर मिळालं. ते वाक्य धंद्यात पसरलं आणि वर्षभरात पाचांतली चार गिऱ्हाइकं गेली. आमचं स्वतःचं चाचण्यांचं मशीन विकावं लागलं. भागीदाराच्या घरची जबाबदारी मोठी होती, त्याने नोकरी धरली. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेला. मला त्याचा राग तेव्हाही नव्हता, आजही नाही.

राहिले ते एक काका, औषधांचा घाऊक व्यापार करणारे. त्यांनीही तो साडेतीन हजारांचा आकडा ऐकला होता. मला बोलावून एकच विचारलं, “आणि वीज गेली तर?” मी म्हटलं, “काका, दाखवतो.” दोन मशीनं जोडली. पहिल्यावर डेटाबेस एकेक आकडा कमिट करतो आणि कमिट झाल्यावरच तो दुसऱ्या मशीनला कळवतो. मध्येच पहिल्याची विजेची केबल ओढायची, परत चालू करायचं आणि दोन्हीकडचा शेवटचा आकडा ताडून पाहायचा. ही युक्ती आमच्या आधीपासून लोक वापरतात, आम्ही आमची छोटी स्क्रिप्ट लिहिली. एचडीपार्म या डिस्क-सेटिंगच्या प्रोग्रामने डिस्कची कॅश चालू करून आणि नोबॅरिअर देऊन केबल ओढली, तेव्हा दुसऱ्या मशीनकडे नोंद असलेले शेकडो आकडे पहिल्यावर नव्हतेच. कॅश बंद, बॅरिअर चालू, एकही हरवला नाही. काकांनी तीन वेळा स्वतः केबल ओढली आणि म्हणाले, “मला हळू चालेल. बिल हरवलेलं चालणार नाही.” पुढे त्यांनीच बॅटरीवालं कार्ड घेतलं आणि वेगही मिळाला.

काही महिन्यांनी त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे रात्री वीज गेली. फाइल सिस्टिम वर आली, डेटाबेस आला नाही. इंडेक्स एक सांगत होता, टेबल दुसरंच. फोन आम्हाला आला. तीन दिवस बसून आदल्या दिवशीच्या बॅकअपवरून जेवढं जमलं तेवढं उभं केलं, उरलेल्या नोंदी त्यांच्या माणसांनी कागदावरून पुन्हा भरल्या. पैसे वेळेवर मिळाले. पण त्यांच्या अहवालात कारण लिहिलं ‘हार्डवेअर बिघाड’. हार्डवेअर शाबूत होतं, मी प्रत्येक डिस्क तपासली होती. ती ओळ बदला म्हणून मी दोन पत्रं लिहिली. ती अजून तशीच आहे, आणि त्या फर्मला अजून कामं मिळतात.

त्यानंतर काम वाढत गेलं, आज आम्ही सहा जण आहोत. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांनी लिनक्समधली गोष्ट उघड केली, की एफसिंक (‘डिस्कवर उतरव’ ही आज्ञा) एकदा फसला की कर्नल (लिनक्सचा गाभा) न उतरलेली पानंही स्वच्छ, म्हणजे उतरलेली, समजतो आणि दुसऱ्यांदा केलेला एफसिंक खुशाल यशस्वी होतो. तेव्हा आम्ही एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. पुढच्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसच्या सुधारित आवृत्त्या आल्या, त्या त्याच आठवड्यात बसवल्या.

नवीन मुलांना सांगतो, एनव्हीएमई (तबकडी नसलेली वेगवान डिस्क) आली म्हणून वही फेकू नका. शेड्युलर ‘नन’, म्हणजे कुठलाच नाही, असा ठेवा, पण डिस्कमध्ये वीज गेल्यावर कॅश उतरवणारे कपॅसिटर आहेत का ते आधी बघा, स्वस्त डिस्कमध्ये सहसा नसतात. डर्टी बॅकग्राउंड रेशो, म्हणजे न उतरलेला डेटा मेमरीच्या किती टक्के साचला की कर्नल तो लिहायला घेतो तो आकडा, मुळात १० टक्के असतो. १२८ जीबी मेमरीवर बारा जीबीच्या आसपास साचेपर्यंत कर्नल फारशी घाई करत नाही, आणि मग चेकपॉइंटला (डेटाबेस साचलेलं डिस्कवर उतरवतो तेव्हा) बरंच काही एकदम डिस्कवर आदळतं. टक्के सोडून बाइटमध्ये मर्यादा द्या. बॅटरीवालं कार्ड असेल तर बॅटरी जिवंत आहे का ते दर आठवड्याला पाहा. काही कार्डांवर बॅटरी मेली तरी राइट-बॅक (कॅशमध्ये घेऊनच ‘लिहिलं’ म्हणणं) चालूच राहील असं सेटिंग कोणीतरी करून ठेवलेलं असतं. मी हे चार ठिकाणी पाहिलंय.

परवा काकांचा चौथा सर्व्हर लावला. आता दुकान मुलगा बघतो, पण केबल ओढायला काकाच आले. मशीन परत चालू होईपर्यंत खुर्ची ओढून बसून राहिले. दुसऱ्या मशीनवरचा शेवटचा आकडा ४८२१७. डेटाबेसमध्ये ४८२१८. एक जास्त कसा, म्हणून मुलगा गोंधळला. काकांनी त्याला समजावलं, “कमिट झालं, पण कळवायच्या आत मी केबल ओढली. एक जास्त चालतो. कमी असता तर मशीन परत पाठवलं असतं.”