५० पैकी २२

मी मिनेसोटात राहतो, आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि शनिवार-रविवार गॅरेजमध्ये बीअर. पुण्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे हातभट्टी का रे?" अरे गाळत नाही बाबांनो, नुसतं आंबवतो. घरी गाळणं इथेही गुन्हाच आहे. आंबवायला मात्र कार्टरने १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यापासून मुभा आहे, दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, आमचा सगळा खटाटोप त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

तर गेल्या वर्षी पहिल्यांदा स्पर्धेला बीअर पाठवली आणि तीसुद्धा हेलेस. म्युनिकची फिकट सोनेरी लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बीअर. काळ्या स्टाउट बीअरमध्ये भाजक्या माल्टखाली (मोड आणून वाळवलेलं जव) चार चुका झाकून जातात, हेलेसमध्ये पिल्सनर माल्ट आणि थोडेसे हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, एवढंच, लपायला जागाच नाही. पण मित्रांनी फुकटची पिऊन इतकी वा वा केली होती की मी मनातल्या मनात मेडल कुठे टांगायचं तेही ठरवून टाकलेलं.

स्कोअरशीट आलं. ५० पैकी २२. दिसण्याला ३ पैकी ३, वासाला १२ पैकी ४, चवीला २० पैकी ८, आणि खाली लिहिलेलं, थिएटरमधल्या पॉपकॉर्नवर असतं तसं बटर, म्हणजे डायअ‍ॅसिटिल हे रसायन, या स्टाइलमध्ये अजिबात चालत नाही. मी म्हटलं याला सर्दी झाली असणार. मग दुसऱ्या जजचा कागद बघितला, त्यानेही बटरच लिहिलेलं, मार्क २४. बाटलीवर नुसता नंबर असतो, माझ्याशी वैर असायचंही कारण नाही. तरी दोन दिवस मी चिडलेलाच होतो. ऑफिसात दिवसभर लोकांच्या कोडमधले बग काढतो आणि कुणी "माझ्या मशीनवर चालतंय" म्हटलं की हसतो, आणि इथे मी स्वतः तेच म्हणत होतो, माझ्या केगमधली, म्हणजे घरच्या पिंपातली, तर छान लागतेय!

पुढच्या एका स्पर्धेत म्हटलं निदान स्टुअर्ड म्हणून तरी जाऊ, म्हणजे बाटल्या आणायच्या, ग्लास ठेवायचे, कागद गोळा करायचे. माझ्या टेबलावर साठीच्या एक जज बाई होत्या. एका लागरचा ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, कसला वास येतोय? मी हुंगलं आणि एकदम खूश होऊन म्हणालो, मस्त आहे, आमच्याकडे घरी लोणी कढवतात ना, साजूक तूप करायला, तसा येतोय. त्या शांतपणे म्हणाल्या, बरोबर, तेच डायअ‍ॅसिटिल.

कानशिलं गरम झाली राव. म्हणजे वास मला पहिल्यापासून येत होता, फक्त माझ्या नाकाला तो आजीच्या स्वयंपाकघराचा वाटत होता, म्हणून दोष आहे असं डोक्यातच आलं नाही. वासाला १२ पैकी ४ मिळण्याचं कारण हे होतं.

मग घरी येऊन वही काढली. १० डिग्रीला आंबवत ठेवलेली, नवव्या दिवशी ग्रॅव्हिटी, म्हणजे उरलेल्या साखरेचं माप, जवळजवळ खाली आलेली, स्पर्धेची तारीख डोक्यावर, म्हणून सरळ शून्याच्या आसपास थंड केली. तिथेच माती खाल्ली. यीस्ट आंबवताना अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट बाहेर टाकतं, त्याला स्वतःला काही वास नसतो, त्याचं नंतर हळूहळू डायअ‍ॅसिटिल होतं आणि ते यीस्टच परत आत घेऊन संपवतं. पण मी यीस्टला आधीच थंडीने झोपवलं होतं. थंडगार केगमध्ये हा प्रकार रेंगाळत चालला, म्हणून मला तूप जरा कमी लागायचं, आणि पाठवलेल्या बाटल्या काही दिवस उबेत राहिल्या असणार, तिथे उरलेल्या सगळ्याचं तूप झालं. म्हणजे जजने प्यायलेली बीअर आणि माझ्या केगमधली बीअर बहुतेक एकसारखी नव्हतीच.

पुढच्या बॅचला शेवटी शेवटी तापमान १७ वर नेलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. मग नमुना काढून दोन ग्लासांत घेतला, दोन्हींवर फॉइल, एक गरम पाण्यात ६५ डिग्रीला अर्धा तास, म्हणजे अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट उरलं असेल तर त्याचं लगेच डायअ‍ॅसिटिल होईल, मग गार करून दोन्हींचा वास. आणि माझ्यावर भरवसा नको म्हणून बायकोलाही हुंगायला लावलं. थंड ग्लासात काही नाही, गरम केलेल्यात ती म्हणाली, "अय्या, बेरी!" म्हणजे तूप गाळल्यावर तळाशी राहते ती. अजून चार दिवस थांबलो. परत टेस्ट केली, दोन्ही ग्लास सारखे, नुसता पावासारखा माल्टचा वास. मगच थंड केली.

या वेळी ३४ मिळाले. बटरचा उल्लेख कुठेच नाही. एकाने लिहिलंय की शेवटी कडवटपणा हेलेसच्या मानाने जास्त रेंगाळतो, पिल्सनरकडे, म्हणजे जास्त कडवट लागरकडे, झुकतेय. कालच प्यायली, आणि खरंच झुकतेय, त्यामुळे पुढच्या खेपेला उकळीच्या सुरुवातीचे हॉप्स थोडे कमी घालणारे.