धूळ, मास्क आणि नगावरची मजुरी : आमच्या फौंड्रीची वाटचाल

वडिलांनी 1994 साली कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत ही फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना, सुरू केली, तेव्हा संध्याकाळी घरी निघालेल्या माणसांचे चेहरे जितके काळे, तितके काम जोरात, असाच हिशेब असे. सिलिका वाळूच्या साच्यांवर धंदा उभा, मग धूळ असायचीच.

आमचा एक जुना फेटलिंग कामगार (ओतीव नग घासून साफ करणारा) दोन वर्षे क्षयाची औषधे घेत होता आणि तरीही त्याची धाप वाढतच होती. अखेर एका डॉक्टरांनी कामाचे स्वरूप विचारले आणि निदान सिलिकोसिसचे, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे, झाले. हा आजार तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत होता आणि तो शासनाला कळवणे बंधनकारक होते, हे मला तेव्हा कळले. मालक म्हणून ही कबुली देताना आजही संकोच वाटतो.

आम्ही लगेच मास्क आणले. आठवड्याभरात ते गळ्यात लोंबू लागले, आणि त्यात कामगारांचा हट्ट नव्हता: मजुरी नगावर होती, मास्क लावून ग्राइंडर चालवताना दम लागे आणि नग कमी भरत. त्यानंतर बोलावलेल्या तज्ज्ञांनी कामगारांच्या कॉलरजवळ नमुना घेणारे छोटे पंप पूर्ण पाळीभर लावले, तेव्हा दिसले की सर्वांत बारीक, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारी धूळ पाळी संपताना उडत होती. कोरड्या झाडूने, आणि कपडे झटकायला वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेसरच्या नळीने. नळी त्याच दिवशी बंद केली. झाडूच्या जागी व्हॅक्यूम आला, ग्राइंडरवर धूळ जागीच ओढून घेणारी यंत्रणा बसवली आणि फेटलिंगची मजुरी नगावरून रोजावर आणली. या शेवटच्या निर्णयाला घरातूनच विरोध झाला, पण मास्क तोंडावर टिकले ते त्यामुळेच.

आवाजाचे मोजमापही त्याच वर्षी झाले. तेव्हाच्या नियमानुसार 90 डेसिबल आवाजात जास्तीत जास्त 8 तास काम करता येत होते आणि 95 डेसिबलला फक्त 4 तास. म्हणून नॉकआउटवर, म्हणजे साचा फोडून नग बाहेर काढण्याच्या जागी, आता माणसे आलटून पालटून काम करतात.

ठेकेदाराकडून येणारी मुले मात्र काही महिन्यांत दुसरीकडे जातात, आणि सिलिकोसिस अनेक वर्षांनी उघड होतो. त्यामुळे कामावर येतानाच्या छातीच्या एक्स-रेची प्रत आम्ही फाइलला लावतो आणि दुसरी त्या मुलाच्या हाती देतो.