‘अच्छा, नवीन बाजूला’

काही केल्या ते वाक्य डोक्यातून जात नाही. ‘अच्छा, म्हणजे नवीन बाजूला.’ एवढंच म्हणाल्या त्या बाई. आवाजात कुत्सितपणा नव्हता, कपाळावर आठी नव्हती. हसून म्हणाल्या आणि पूल खाली येताच सायकलवर बसून निघूनही गेल्या.

आम्ही राहतो नेदरलँड्समधल्या वेस्प गावी. तिथला फेख्त नदीवरचा पूल होड्यांसाठी उघडला होता. दांडे खाली, लाल दिवा, आणि मधून एक शिडाची होडी सावकाश चाललेली. होडीवरचा माणूस ताटकळलेल्या सगळ्यांना हात करत होता. माझ्या पिशवीतून बाजारातली कोथिंबीर आणि पातीचा कांदा बाहेर आला होता. शेजारच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, आमचं वेस्प आवडलं का, आजच्या दिवसापुरत्या आलात का. मी डचमध्ये सांगितलं, इथेच राहते. कुठे? वेस्परस्लाउसला. मग ते वाक्य.

पातीचा कांदा घेऊन कुणी गाव बघायला येतं का?

घरी ह्याला सांगितलं तर म्हणाला, ‘बरोबरच आहे की. आपण राहतोच नवीन बाजूला.’ बरोबर आहेच. अडीच हजारांवर घरांची ही वसाहत कालपरवापर्यंत गवताचं पोल्डर, म्हणजे पाणी उपसून केलेली सखल जमीन, होती. पण मला लागलं ते वेगळंच. मी डचमध्ये बोलले, ‘इथेच’ म्हणाले, तरी त्यांनी मला गावात न घेता गावाच्या कडेला नेऊन ठेवलं. आईशी फोनवर बोलताना हे सांगणार होते, पण मग तिचं ‘परत या’ सुरू झालं असतं. तो विषय आज नको.

खरं तर दोष कुणाला द्यायचा? सकाळी काळोखात स्टेशन, कार्ड टेकवल्यावर चेक-इनचं ‘टिंग’, पाव तासात अ‍ॅमस्टरडॅम. संध्याकाळी तेच उलटं. हिवाळ्यात तर हे गाव मला दिवसाउजेडी दिसतं ते फक्त शनिवार-रविवारी. बाबांचं सगळं आयुष्य डोंबिवलीहून असंच गेलं, पण त्यांच्या डब्यात त्यांची माणसं होती. जागा धरायची, दसऱ्याला डब्याला तोरण बांधायची, बाबा दोन दिवस दिसले नाहीत तर घरी फोन करायची. इथे माझ्या डब्यात रोज तेच चेहरे असतात आणि उद्या मी आले नाही तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. हे लिहिताना रडू येतंय, म्हणजे बाईंचं वाक्य हे निमित्तच असावं.

आणि मला गाव ठाऊक नाही असंही नाही. जुन्या नगरभवनात वरच्या मजल्यावर संग्रहालय आहे. तिथल्या चिनी मातीच्या कपबशांसमोर मी कितीतरी वेळ उभी राहिले आहे. नेदरलँड्समधली पहिली पोर्सिलेन इथे झाली, १७५९ च्या सुमाराला. तळाशी निळ्या रंगात दोन तलवारींची फुली, जर्मनीतल्या माइसनच्या खुणेवरून घेतलेली. काठावरची फुलं इतकी बारीक की रंगवणाऱ्याने श्वास रोखून धरला असणार. दहा-बारा वर्षांत कारखाना चालेना, आणि सगळं सामान लोसड्रेख्त गावी गेलं. वेस्पच्या वाट्याला ते भांडं आणि नाव तेवढं राहिलं.

कोकोवाला फान हाउटनही इथला नव्हे. मूळ अ‍ॅमस्टरडॅमचा. त्या घराण्याने कोकोतलं तूप दाबून काढायची युक्ती १८२८ साली आपल्या नावावर करून घेतली आणि १८५० मध्ये कारखाना वेस्पला आणला. पलीकडचे आजोबा सांगतात, त्यांच्या लहानपणी गावभर कोकोचा वास असायचा, धुतलेल्या कपड्यांनाही. आता कारखाना नाही. त्याआधी नदीचं पाणी नावांमधून अ‍ॅमस्टरडॅमच्या बिअरवाल्यांना जायचं. इथे जेनेव्हरच्या, म्हणजे डच जिनच्या, भट्ट्या होत्या, आणि भट्टीच्या चोथ्यावर डुकरं पोसली जात. १८७४ मध्ये रेल्वे आली. म्हणजे जवळच्या मोठ्या शहराला काहीतरी पुरवत राहणं हे वेस्पचं जुनंच काम. पूर्वी पाणी जायचं, आता मी जाते.

हे सुचल्यावर जरा हलकं वाटलं.

पण त्या बाईंचाही विचार मनात येतोच आहे. सत्तरीच्या असाव्यात. १३५५ मध्ये वेस्पला शहराचा दर्जा मिळाला, आणि २४ मार्च २०२२ ला नगरपालिका अ‍ॅमस्टरडॅममध्ये विलीन झाली. २०१८ मध्ये लोकांना विचारलं होतं, बहुमत अ‍ॅमस्टरडॅमच्याच बाजूने पडलं. म्हणून दुखलंच नसेल असं नाही. पत्त्यावर अजून ‘वेस्प’ आहे, पण कारभार तिकडून चालतो. वेस्पच्या किल्ल्याच्या तोफांसमोर मोकळी जागा हवी म्हणून १८५३ च्या कायद्याने आसपास पक्क्या बांधकामांना आडकाठी होती. गाव तटाच्या आतच राहिलं. त्यांनी लहानपणी पाहिलेलं वेस्प इतकंसं असेल: एक मनोरा, नदी, गवताचे तुकडे. त्या गवतावर आता आमची घरं. मी त्यांच्या जागी असते तर पुलावर नवा चेहरा दिसल्यावर काय म्हणाले असते?

हेच म्हणाले असते बहुतेक. डोंबिवलीत आमच्या गल्लीत टॉवर झाला तेव्हा आईचं तोंड आठवतं.

राग पूर्ण गेलेला नाही, खोटं कशाला लिहू. ‘आमचं वेस्प’ म्हणायची मुभा मला कोण, कधी देणार, हा प्रश्न तसाच आहे, आणि ती मागून मिळत नाही एवढं कळतंय. पुढच्या बाजारात त्या दिसल्या तर मीच आधी ‘हुयमॉर्खन’, म्हणजे शुभ सकाळ, म्हणणार आहे, आणि कोकोचा वास नक्की कसा होता ते विचारणार आहे. मला खरंच जाणून घ्यायचंय.