डिंगलचा पाऊस आणि आमची पडवी

शनिवारी सकाळी साडेआठला डिंगलमधल्या खोलीच्या खिडकीतून समोरचं बंदरसुद्धा दिसत नव्हतं. हवामान खात्याचा पिवळा इशारा फोनवर येऊन पडला होता. मी म्हटलं, आज राहू दे, उद्या बघू.

आई वेणी घालत होती. म्हणाली, "पावसाला भिऊन घरात बसायचं ठरवलं तर देवरुखात चार महिने उपाशीच मरायला हवं."

ऑफिसच्या कामासाठी मी सहा महिने कॉर्कला आहे आणि ऑगस्टात आई महिनाभर राहायला आली. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला केरी परगण्यात डिंगलचं द्वीपकल्प समुद्रात घुसलंय. त्याच्या टोकाला वळसा घालणारा स्ली हेडचा रस्ता तिला दाखवायचा होता. रस्ता पन्नासेक किलोमीटरचा, डिंगलहून निघून डिंगललाच परत येणारा. कुठे न थांबता गेलं तर दीडेक तासात उरकतो म्हणतात. आम्हाला सात तास लागले.

गाडी भाड्याची. आपलं लायसन्स चालतं, स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून, त्यामुळे हात बसायला वेळ लागला नाही. खोलीच्या मालकीणबाईंनी निघताना एकच सांगितलं: घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच जा. नियम नाही, पण टूरच्या बस तशाच जातात. उलटं गेलात तर अरुंद जागी बस समोर येणार आणि मागे तुम्हालाच जावं लागणार. मग दाराबाहेर हात काढून पाऊस जोखत त्या म्हणाल्या, "सॉफ्ट डे." मऊ दिवस! आईला तो शब्द इतका आवडला की संध्याकाळपर्यंत तिने तो दहा वेळा वापरला.

व्हेंट्री गाव मागे पडलं आणि रस्ता आवळत गेला. उजवीकडे डोंगर, आईच्या बाजूला समुद्र, म्हणजे असावा. दिसत होता तो राखाडी पडदा. हा आयरिश बोलणाऱ्यांचा मुलूख, त्यामुळे पाट्याही त्याच भाषेत. रस्त्यावर पांढऱ्या रोमन अक्षरांत मोठं लिहिलेलं आईने वाचलं, "गो मॉल." पुढच्या वळणावर पुन्हा "गो मॉल". "अगो, इथे मॉल कुठे असणार?" आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'हळू'. मी तसंही वीसच्या वर जात नव्हते.

खरा त्रास काचेचा. आईची शाल भिजलेली, जॅकेट ओलं, आत दोघींचा श्वास. समोरची काच पाच मिनिटांत दुधाळ झाली. मी फडक्याने पुसत बसले, पुसलं की पुन्हा तेच. शेवटी हीटर चालू ठेवून त्यावर एसीही लावला, वारा काचेवर वळवला आणि मागची खिडकी बोटभर उघडली. एसी हवेतला ओलावा ओढतो, तेव्हा कुठे रस्ता दिसायला लागला. घाटात इतकी वर्षं गाडी चालवून हे मला डिंगलमध्ये कळावं!

फाहानच्या दगडी झोपड्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल, गाडीतूनच पाहिल्या. डून बेग हा कड्यावरचा जुना किल्लाही तसाच मागे टाकला. त्याचा काही भाग अलीकडच्या वादळांत समुद्रात गेलाय.

पुढे ओढा. ह्या ओढ्यावर पूल नाही, पाणी सरळ रस्त्यावरून वाहत दरीकडे जातं, आपल्याकडच्या फरशीसारखं. एरवी म्हणे टायरचा तळ भिजतो. आज ते तांबूस, खळखळत येत होतं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, हे लहानपणापासून मनावर ठसलेलं. मी थांबले. दहाएक मिनिटांनी समोरून एक म्हातारा जुन्या छोट्या गाडीतून आला. मागच्या ट्रेलरमध्ये एक मेंढी उभी. पाणी त्याच्या चाकाच्या निम्म्यालाही लागलं नाही. जाताना त्याने स्टिअरिंगवरचं एकच बोट उचललं. इकडचा हा नमस्कार. मग मी पहिल्या गिअरवर, मध्ये न थांबता, गाडी पार केली आणि पलीकडे दोनचारदा ब्रेक हलके दाबून वाळवून घेतले. आई रामरक्षेच्या मध्यावर होती, ती तिने पूर्ण केली.

स्ली हेडला रस्त्याच्या वळणावर पांढरा क्रूस आहे. इथून ब्लास्केट बेटं दिसतात, त्यातलं एक तर उताणं झोपलेल्या माणसासारखं, इकडचे त्याला मेलेला माणूसच म्हणतात. आम्हाला क्रूस दिसला, तोही जवळ गेल्यावर.

त्याच्या पुढे एक कॅम्पर व्हॅन समोर उभी ठाकली. उलट्या दिशेने आलेली, घराएवढी. तिच्या मागे आणखी दोन गाड्या, म्हणजे मागे जायची पाळी माझी. मागच्या काचेवर पाणी, आरशात पाणी. खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं, पाऊस कानात. डावीकडे दगडी गडगा आरशापासून वीतभर, आणि त्यापलीकडे काय ते मी विचारायचं टाळलं. आईने आपली खिडकी खाली केली आणि सूचना सुरू केल्या: "ये... ये... ये... अगो बास!" एसटी मागे घेताना कंडक्टर देतो त्याच चालीत. चाळीसेक पावलं मागे एका शेताच्या फाटकाचं तोंड होतं, तिथे गाडी घातली. कुंपणाची फांदी आईच्या खिडकीतून आत आली आणि मांडीवर लाल-जांभळी लोंबती फुलं टाकून गेली. फ्यूशिया. मूळची दक्षिण अमेरिकेची, पण इथे रानोमाळ माजलीय. आयरिशमध्ये तिला देवाची आसवं म्हणतात. व्हॅनवाल्याने हात जोडले. आईने त्याला एक बोट उचलून दाखवलं.

डनक्विनला बेटावर जाणाऱ्या बोटी बंद होत्या. त्या बेटांची गोष्ट सांगणाऱ्या ब्लास्केट केंद्रात शिरलो ते मुख्यतः कोरडं व्हायला आणि दीड तास रमलो. मोठ्या बेटावर एके काळी दीडशेवर माणसं होती. तरुण अमेरिकेला जात राहिले. 1946-47 च्या हिवाळ्यात एक तरुण मेंदूज्वराने आजारी पडला, समुद्र खवळलेला, डॉक्टर पोचला नाही, तो गेला. त्यानंतरच्या एप्रिलात अडकलेल्या लोकांनी पंतप्रधानांना तार केली, खायला काही उरलं नाही म्हणून. 17 नोव्हेंबर 1953 ला सरकारने उरलेल्यांना हलवायला सुरुवात केली. तेव्हा बेटावर जेमतेम बावीस माणसं होती. बेटाकडे तोंड करून तिथे एक मोठी खिडकी आहे. आई तिच्यासमोर बसून होती. धुक्याशिवाय काही नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पावसात होडीची तर बंद झाली की आमच्या आजोळी असंच व्हायचं. मामीचं पहिलं मूल असंच गेलं." हे मला ती आजवर कधी बोलली नव्हती. मी विचारलं नाही, तीही पुढे बोलली नाही. गाडीत येऊन आम्ही थर्मासमधला चहा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.

शेवटी गॅलरस. उलट्या होडीच्या आकाराचं दगडी प्रार्थनाघर, निदान आठ-नऊशे वर्षांचं. भिंत आणि छप्पर वेगळं नाहीच. चुन्याच्या भरवशावर न राहता दगडावर दगड, वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत, करत करत दोन्ही बाजू माथ्यावर भेटलेल्या. माथा मधोमध जरासा वाकलाय, बाकी जसंच्या तसं. बुटक्या दारातून वाकून आत गेलो. पावसाचा आवाज एकदम मागे पडला.

आईने चष्मा पुसला आणि कामाला लागली. देवरुखच्या घराची पडवी दरवर्षी शाकारायची आणि दरवर्षी ती गळायची, ह्यात तिची चाळीस वर्षं गेलेली. तिने हाताचा पंजा भिंतीवर ठेवला. मग कोपऱ्यात. मग फोनच्या बॅटरीने माथ्याची फट न् फट तपासली. भिंत गार होती, पण कोरडी. दगड बाहेरच्या बाजूला थोडे उतरते ठेवलेत, पाणी आत वळतच नाही, असं मी वाचलेलं सांगितलं. "दिसतंय मला," आई म्हणाली. पूर्वेला वीतभर खिडकी आहे. तिच्यातून बाहेर पडणाऱ्याचं पाप धुऊन निघतं अशी समजूत. आईने खिडकीकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं आणि दारानेच बाहेर आली.

गाडीत बसल्या बसल्या तिने फोन मागितला. इथे चार, म्हणजे तिकडे साडेआठ.

"काय रे, पडवी गळतेय का?"

दादाचा आवाज मलाही ऐकू आला. "गळतेय. दोन बादल्या लावल्यात."

"तिसरी लाव," आई म्हणाली, "न्हाणीघरात आहे, निळी."